प्रश्नोत्तरे: गाजरगवत, घाणेरी आणि शेजारचा बांध

प्रश्न: आपापल्या शेतातलं गाजरगवत (काँग्रेस गवत) दरवर्षी उपटतो, पुढच्या पावसात तेवढंच उगवतं. यंदा सगळ्या गावाने मिळून काढायचं ठरलंय. कधी आणि कसं काढावं? (तालुका पुरंदर)

उत्तर: आधी तारीख बदला. बहुतेक गावं ऑगस्टमध्ये, गाजरगवत जनजागृती सप्ताहात (१६ ते २२ ऑगस्ट) एकदा उपटतात. जूनच्या पावसावर उगवलेलं झाड तोवर फुललेलं असतं. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फूल येतं आणि एक झाड दहा हजारांहून अधिक बिया टाकू शकतं. म्हणून पहिली फेरी चांगल्या पावसानंतर तीन-चार आठवड्यांनी, दुसरी ऑगस्टमध्ये, तिसरी परतीचा पाऊस संपल्यावर. सप्ताहाचे फोटो दुसऱ्या फेरीत काढा.

पहिल्या फेरीत पानं गाजराच्या पाल्यासारखी जमिनीला चिकटलेली असतात. नुसती ओढली तर पाला हातात येतो, मूळ राहतं आणि गड्ड्यातून परत फुटवा येतो. खुरप्याचं टोक मुळाशी घालून उचकटायचं, तेही जमीन ओली असताना. हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच. ज्यांना दमा किंवा अंगाला खाज सुटण्याचा त्रास आहे, त्यांना या कामाला घेऊ नका. फूल न आलेलं झाड कंपोस्टच्या खड्ड्यात चालतं. फुललेलं उकिरड्यावर टाकलं, तर तेच बी शेणखतातून सगळ्या शिवारात जातं.

हे बी वाऱ्याने फार लांब जात नाही. लांबचा प्रवास ओढ्याच्या पाण्यातून, शेणखतातून आणि ट्रॅक्टरच्या चाकाला लागलेल्या चिखलातून होतो. तेव्हा सुरुवात शेतांपासून नको. पाणंद, रस्त्याच्या कडा, उकिरडे आणि ओढा आधी. ओढ्यावर वरच्या अंगाने खाली यायचं. रिकाम्या झालेल्या पडीक जागेत पावसाआधी टाकळ्याचं बी दाट फेका. तो गाजरगवताला दाबतो आणि कोवळा असताना भाजीलाही होतो.

प्रश्न: गाजरगवत खाणारे मेक्सिकन भुंगेरे आणून सोडले, पण दिसेनासे झाले. (जिल्हा जालना)

उत्तर: दोन कारणं नेहमीची. थोडे थोडे करून दहा ठिकाणी सोडले, किंवा सोडलेली जागा नंतर नांगरली. हा भुंगेरा १९८४ साली बंगळूरला पहिल्यांदा सोडला गेला. तो पावसाळ्यात खातो. थंडी आणि उन्हाळा जमिनीत दडून काढतो. त्यामुळे न नांगरली जाणारी पडीक जागा निवडा, पाचशेच्या आसपास भुंगेरे एकाच ठिकाणी जुलै-ऑगस्टमध्ये सोडा, आणि तिथे तणनाशक मारू नका, गवत उपटूही नका. त्याला खायला काही उरलं पाहिजे ना! पहिल्याच वर्षी मैदान साफ होईल असं समजू नका. शेतात मात्र खुरपंच खरं.

प्रश्न: आमच्या गावाला सामूहिक वनहक्क मिळालेत. जंगलात घाणेरी (लँटाना) माजली आहे. तोडली की दुप्पट फुटते. (जिल्हा गडचिरोली)

उत्तर: कोयत्याने तोडणं म्हणजे छाटणीच. बुंध्यातून चार नवे फोक येतात. पेटवली तरी तेच, शिवाय मोकळ्या झालेल्या जागेत तिचंच बी आधी रुजतं. उपाय कुदळीचा: मुख्य मूळ जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर, म्हणजे दोन-तीन बोटं खाली तोडायचं. फुटवा त्याच्या वरच्या भागातून येतो. मग झुडूप उचलून मुळं आकाशाकडे करून उलटं ठेवायचं, नाहीतर ओल्या मातीला टेकलेल्या फांद्या मुळं धरतात. खोदताना सगळी जमीन उकरू नका.

सर्वांत दाट जाळीपासून सुरुवात करण्याचा मोह होतो. तिथे आठवडा जातो आणि माणसं थकतात. विरळ कडेपासून आत जा. जेवढं पुढचे दोन-तीन पावसाळे राखता येईल तेवढंच काढा. बी पक्षी टाकतात, म्हणून रोपं मोठ्या झाडांखाली आणि ओहोळाच्या काठी शोधा. ती हाताने उपटता येतात. मोकळ्या जागी मारवेल, पवना अशा गवतांचं बी टाका आणि एक-दोन वर्षं चराईबंदी ठेवा. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जंगल राखण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क दिलाय, तेव्हा हे काम व्यवस्थापन आराखड्यात लिहून घ्या. नुसत्या श्रमदानावर दुसऱ्या वर्षी माणसं येत नाहीत.

प्रश्न: तलावातली जलपर्णी जेसीबीने काढली, सहा महिन्यांत परत भरली. (जिल्हा सोलापूर)

उत्तर: काठाला राहिलेले तुकडे आणि गाळातलं बी, दोन्हींतून ती परत आली. बी गाळात कित्येक वर्षं जिवंत राहतं. पाणी येतं त्या तोंडापासून काढा, काढलेल्या भागापुढे दोर आणि रिकामे ड्रम लावून बाकीची अडवा, मग दर आठवड्याला होडीतून फेरी मारून सुटी रोपं वेचा. ढीग पुराच्या रेषेच्या वर ठेवा. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असतं, म्हणून वाळल्यावरच ट्रॉली भरा. गावाचं सांडपाणी थेट तलावात येत असेल, तर शोषखड्डे आधी, जेसीबी नंतर.

प्रश्न: शेजारचा मालक मुंबईला असतो. त्याचं रान तणाने भरलंय. (तालुका खेड)

उत्तर: न विचारता आत शिरू नका. फोन करून बांधालगतची दहा फुटांची पट्टी काढायची परवानगी मागा आणि ती मेसेजवर लेखी घ्या. मजुरी त्याने द्यायची की गावाने, हेही तेव्हाच ठरवा. पट्टी पहिल्या उत्तरात सांगितलेल्या तिन्ही फेऱ्यांना काढायची.