वाचक विचारतात : बंदराचं दीपगृह

प्रश्न : बंदराच्या तोंडाशी असलेलं जुनं दगडी दीपगृह रंगवून रात्री त्यावर रोषणाई करायचं घाटतंय. यात काही वावगं आहे का?

उत्तर : रंगवा, पण रंगसंगती बदलू नका. दिवसा मनोऱ्याचा रंग आणि पट्टे हीच त्याची ओळख. जहाजांकडच्या दीपसूचीत ती नोंदलेली असते. जुनं बांधकाम चुन्याचं असेल तर त्यावर सिमेंटचा गिलावा किंवा प्लास्टिक रंग नको. आतली ओल कोंडते, दगडात मुरलेल्या मिठाचे खडे पापुद्र्याआड धरतात आणि गिलाव्याबरोबर दगडाचीही साल निघते. सैल गिलावा खरवडून काढा आणि चुन्यानेच भरा. मग चुन्याच्या पातळ सफेदीचे तीन-चार हात द्या, भर उन्हात मात्र नको. त्याआधी सज्जाच्या कठड्याचे लोखंडी पाय तपासा. ते गंजून फुगले की भोवतालचा दगड तडकतो, आणि नेमकं तिथेच कुणी बघत नाही.

रोषणाईचं प्रकरण जास्त गंभीर. खलाशी दिवा ओळखतो तो तालावरून, समजा दर १० सेकंदांना दोन झोत. मागे झगमगाट असला की हा ताल हरवतो. लाल-हिरवी तोरणं तर नकोतच, कारण ते रंग जलमार्गाच्या कडा दाखवतात. भारतात, युरोपात बंदरात शिरताना लाल डावीकडे असतो. अमेरिकेत, जपानमध्ये उजवीकडे. दिवे लावायचेच तर दीपगृह खात्याला विचारून, झाकण घालून, जमिनीकडे तोंड करून लावा.

प्रश्न : सूचीत पल्ला १८ सागरी मैल आहे, मग होडीतून दिवा इतक्या उशिरा का दिसतो?

उत्तर : सूचीतला पल्ला बहुधा दिव्याच्या प्रखरतेवरून काढलेला असतो, तोही हवेत १० सागरी मैलांपर्यंत दिसतंय असं धरून. पृथ्वीची गोलाई त्यात नसते. दिव्याची आणि डोळ्याची पाण्यापासूनची उंची मीटरमध्ये घ्या, दोन्हींची वर्गमुळं मिळवा आणि बेरजेला २.०८ ने गुणा. दिवा २५ मीटरवर, डोळा १ मीटरवर : सुमारे साडेबारा मैल. जहाज जिथून हाकतात त्या ब्रिजवर, डोळा ९ मीटरवर असताना, तोच दिवा साडेसोळा मैलांवरून दिसेल. भरतीला दिव्याची उंची कमी होते, तेही धरा.

प्रश्न : दिवसा दीपकक्षाला पडदे का लावतात?

उत्तर : दिव्याच्या उजेडाचा झोत करणारं कड्याकड्यांचं फ्रेनेल भिंग उलटंही चालतं. ऊन आत शिरलं की ते दिव्याच्या जागी एकवटतं, तिथली यंत्रणा भाजून निघते. सहज फिरावं म्हणून भिंग पाऱ्यावर तरंगतं ठेवलेलं असेल तर साफसफाईला हौशी माणसं पाठवू नका. पाऱ्याची वाफ विषारी असते आणि वरची खोली बंदिस्त.