वानर-माकडांचा उपद्रव : नारळ, काजू व भाजीपाला बागायतदारांच्या प्रश्नांना उत्तरे

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीतील बागायतदारांकडून वारंवार येणारे चार प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न १ : गावातली काही मंडळी देवळापाशी चपाती-केळी घालतात आणि आम्ही बागेतून हाकलतो. कळप हलत नाही. काय करावे?

आधी प्राणी ओळखा. काळ्या तोंडाचा, लांब शेपटीचा तो वानर. डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखे केस असलेले ते माकड. वानर मुळात पाला खाणारा असल्यामुळे आंब्याची कोवळी पालवी, मोहोर आणि शेंगा तो ओरबाडतो. त्याचे जठर पाल्यासाठीच बनलेले, पाव-बिस्किटे त्याला बाधतात. माकडाला काहीही चालते. शिवाय त्याच्या गालात पिशव्या असतात. पावट्याच्या वेलावर बसले की दाणे आधी गालात कोंबते आणि तुम्ही पोहोचेपर्यंत झाडावर जाऊन सावकाश चावते. म्हणूनच उशिरा केलेल्या आरडाओरडीने पीक वाचत नाही.

एका वाडीने खायला घालायचे आणि दुसरीने दगड मारायचे, तर कळप मधल्या बागांत मुक्काम ठोकतो. आयत्या अन्नामुळे माणसाची भीती जाते, पिल्ले जास्त जगतात, कळप वाढतो. त्यामुळे पहिला उपाय ग्रामसभेचा : खायला घालणे बंद, निर्माल्य व खरकट्याचा खड्डा झाकलेला, नारळाची शकले देवळाबाहेर टाकायची नाहीत. शनिवारी मारुतीला नैवेद्य दाखवणाऱ्यांशी भांडू नका. नैवेद्य दाखवावा आणि प्रसाद माणसांत वाटावा, एवढेच सांगा. बंदीची सुरुवात मे-जूनमध्ये करा, कारण तेव्हा रानात जांभूळ, करवंद, उंबर असते. ऐन टंचाईत अचानक थांबवले तर भुकेला कळप घरात शिरतो.

धाराशिव जिल्ह्यातील उपळा गावात 32 एकर जमीन माकडांच्या नावे नोंदलेली आहे आणि तिथले लोक त्यांना मानाने वागवतात. ही माया खरी आहे, तिचा आदरच वाटतो. पण ज्याचे घर नारळ-सुपारीवर चालते, त्याच्याकडून तेवढ्याच सोसण्याची अपेक्षा धरणे अन्यायाचे आहे.

राखण वाडीने मिळून, पाळीपाळीने करावी. उजाडल्यापासून नऊपर्यंत आणि चारपासून अंधार पडेपर्यंतची वेळ महत्त्वाची. कळप बागेच्या कडेला दिसताच, आत शिरण्याआधी, एकाच दिशेने रानाकडे रेटा. चारी बाजूंनी घेरू नका. पिल्लू अडकले तर मोठा नर अंगावर येतो. नुसते शेजाऱ्याच्या बागेत ढकलले तर दुपारी परत येणारच. बुजगावणे, फटाके आणि ध्वनिफीत यांना कळप काही दिवसांत सरावतो. कार्बाइडची पाइप-बंदूक वापरू नका, डोळे जातात.

प्रश्न २ : माडावर चढू नयेत म्हणून खोडाला पत्रा बांधावा की झटका मशीन (कुंपणाच्या तारेत थांबून-थांबून विजेचा झटका सोडणारे यंत्र) घ्यावे?

पत्रा फक्त एकट्या उभ्या माडाला उपयोगी. 7.5 मीटरवर लावलेल्या बागेत झावळ्या एकमेकींना टेकतात, त्यामुळे कळप वरच्या वरून जातो. घराजवळच्या सुट्या माडाला गुळगुळीत पत्रा, रुंदी 1 मीटर, जमिनीपासून 2 मीटर उंचीवर बांधा. खिळे ठोकू नका, जखमेतून माडाचे खोड पोखरणारा सोंड्या भुंगा शिरतो. तारेने बांधा आणि वर्षातून एकदा तार सैल करा. आजूबाजूच्या फांद्या निदान 5 मीटरपर्यंत छाटा, नाहीतर वानर उडी मारून माडावर येतो.

झटका मशीन भाजीपाल्याच्या आणि केळीच्या छोट्या तुकड्याला परवडते. डुकरासाठीच्या तीन-चार तारा इथे चालत नाहीत. झाडावरून तारेवर आलेल्या माकडाचे पाय जमिनीला लागत नाहीत, म्हणून त्याला झटकाच बसत नाही. त्यासाठी एक तार विजेची, एक अर्थिंगची (जमिनीला जोडलेली), अशा आलटून-पालटून, सुमारे 10 सेंटिमीटर अंतराने, थेट वरपर्यंत ओढाव्या लागतात. सर्वांत वरची तार विजेची ठेवा. पावसाळ्यात गवत तारेला टेकले की झटका मरतो, म्हणून दर पंधरा दिवसांनी कुंपणाखाली सफाई करा आणि मापकाने तारेतला विजेचा दाब तपासा. घरगुती लाइनची वीज थेट तारेत सोडणे हा गुन्हा आहे आणि त्याने माणसे मरतात.

रानाकडच्या बाजूला केळी, पपई लावू नका. तिथे हळद, आले, दालचिनी (कोकण तेज जात) लावा, माडावर पन्नियूर-1 जातीची मिरी चढवा. ही पिके माकडे सहसा खात नाहीत. भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राची मसाला पिकांसह ‘लाखी बाग’ पाहून या.

प्रश्न ३ : पकडून नेता येतील का? भरपाई मिळते का?

वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार विनापरवाना मारणे, विष घालणे किंवा फासा लावणे गुन्हा आहे. पकडण्याचे काम वन विभागाच्या परवानगीनेच करता येते. अर्धा कळप नेला तर उरलेले विखुरतात. गाव मोकळे झाले तरी अन्न तसेच राहिल्यास शेजारचा कळप येतो. म्हणून पकडण्याआधी प्रश्न १ मधली कामे करा.

पीक नुकसानीच्या भरपाईसाठी वनरक्षक किंवा वनक्षेत्रपाल कार्यालयात 3 दिवसांच्या आत लेखी अर्ज द्या. सोबत सातबारा, बँक पासबुक आणि फोटो जोडा. पंचनाम्याआधी पडलेली शहाळी, मोडलेली केळ उचलू नका. दात लागलेले फळ जवळून टिपा, कारण उंदराने कुरतडल्याचा आक्षेप तिथेच निघतो.

प्रश्न ४ : काजू बागेत माकड मेलेले दिसले. पुरायचे का?

हात लावू नका, जवळही जाऊ नका. दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात माकडताप (माणसालाही होणारा विषाणूजन्य ताप) आहे आणि तो गोचिडींमार्फत पसरतो. मेलेल्या माकडावरच्या गोचिडी आजूबाजूला पसरतात. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र व वन विभागाला कळवा आणि गोचीडनाशकाची फवारणी होईपर्यंत तेवढ्या भागातली बोंडू (काजूफळे) वेचणी थांबवा. डिसेंबर ते मे या काळात बागेत जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, आरोग्य खात्याकडचे गोचीड दूर ठेवणारे डीएमपी तेल उघड्या अंगाला लावा. परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाका आणि अंगावर गोचीड आहे का ते पाहा. ताप आल्यास डॉक्टरांना ‘बागेत जात होतो’ हे आठवणीने सांगा. माकडाने चावले तर जखम साबण व वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.