काच, पाणी आणि हलका हात

गेल्या अंकात उंच खिडक्या धुण्याच्या पोलबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर आलेली बहुतेक पत्रं एकाच रडगाण्याची: घासघास घासलं, तरी डाग राहिले. आज तीनच पत्रं घेतोय. पहिल्याला जागा जास्त दिली आहे, कारण बाकीच्यांचीही अर्धी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न : काका, मी 24 वर्षांचा. कोल्हापुरात दोन मित्रांसोबत काचा धुण्याचं काम सुरू केलंय. 30 फुटी कार्बनचा पोल, वर नायलॉनचा ब्रश, ब्रशपाशी नळीनं पाणी येतं. पाणी बोअरचं, फिल्टर लावलेला आहे. तळमजल्याच्या काचा झकास निघतात. तिसऱ्या मजल्यावर मात्र वाळल्यावर पांढरे ठिपके आणि वरून खाली ओघळ दिसतात. जोर लावून खांदे भरून येतात. ब्रश आणखी कडक घ्यावा का?

उत्तर : नको. आधी आहे तोच ब्रश उलटा करून बघ. केस सरळ उभे आहेत, की जुन्या टूथब्रशसारखे दोन्हीकडे फेंदारलेत? फेंदारले असतील तर तुझ्या खांद्यांचं दुखणं कुठून आलं ते कळलं.

ब्रशच्या केसाचं टोक काम करतं, अंग नाही. दाबलास की केस आडवा पडतो, टोक काचेवरून उचललं जातं आणि केसाची कूस नुसती घसरत राहते. माती सुटत नाही, जागा बदलते. टोकापाशी केस जरासा वाकला की दाब पुरे झाला. आता तू म्हणशील, जमिनीवरून हे दिसणार कसं? नाहीच दिसत. म्हणून मी नव्या पोरांना तळमजल्याच्या खिडकीवर शिकवतो. एकानं बाहेरून ब्रश चालवायचा, दुसऱ्यानं आत उभं राहून काचेला नाक लावायचं. आतून टोकांचे ठिपके दिसले तर हात बरोबर. केसांच्या आडव्या रेघा दिसल्या तर बाहेरच्याला ओरडून सांगायचं, ‘सोड, सोड!’ अर्धा तास असं केलं की मनगटाला समज येते. मग तीच समज वर न्यायची.

वर गेल्यावर गंमत वेगळी होते. लांब केलेला पोल कमानीसारखा वाकतो. तू खालून लावलेला बराचसा जोर त्या कमानीत जिरतो. ब्रश हलका लागतोय असं वाटून तू अजून रेटतोस. मग कमान सुटते आणि ब्रश काचेवर आपटतो किंवा चौकटीवर जाऊन अडकतो. उपाय जोराचा नाही, उभं राहण्याचा आहे. भिंतीला चिकटून उभं राहिलास तर पोल जवळपास सरळ उभा होतो आणि ब्रशची खालची कडच काचेला टेकते. थोडं मागे सरक, ब्रशच्या मानेचा कोन बदल, पूर्ण ब्रश काचेवर सपाट बसू दे. एक हात छातीशी, एक कमरेशी. काम पायांनी करायचं, गुडघे सैल सोडून. वर ढकलताना थोडी ताकद लागते. खाली येताना पोल स्वतःच्या वजनानं येतो, त्याला ओढू नकोस. आणि दुसऱ्या मजल्यासाठी तिसऱ्या मजल्याची लांबी लावू नकोस. जेवढे भाग लागतात तेवढेच बाहेर काढ.

ओघळांचं कारण ब्रशमध्ये नाही, चौकटीत आहे. वरच्या चौकटीवर वर्षभराची धूळ, कोळ्यांची जाळी, पारव्यांची कृपा साठलेली असते. तू काच धुतोस, निघून जातोस, आणि ती घाण पुढचा तासभर सावकाश खाली झिरपते. आधी वरची चौकट धू, मग बाजूच्या, मग काच. पहिल्यांदाच धुतली जाणारी खिडकी असेल तर चौकटी धुऊन पुढच्या दोन-तीन खिडक्यांच्या चौकटी उरकायच्या आणि मग परत येऊन काचा घ्यायच्या. तेवढ्यात वरचं पाणी निथळून जातं. पहिल्या धुण्याला दुप्पट वेळ लागतो. भाव सांगताना हे धरत जा, नाहीतर पहिल्याच कामात घाटा.

राहिले ठिपके. ते पाण्याचे. बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, 600 असेल तर लिटरमागे 600 मिलिग्रॅम क्षार तू स्वतःच्या हातानं तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवतोयस. वर पुसायला कोणी नाही, पाणी काचेवरच वाळणार, म्हणून ते शून्याच्या जवळच हवं. नुसत्या गाळणीच्या फिल्टरनं क्षार जात नाहीत. आधी आरओ, मग उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या रेझिनच्या दाण्यांची टाकी. नुसतं रेझिन लावून बोअरचं पाणी चालवलंस तर ते लवकर थकेल आणि खर्च परवडणार नाही. टीडीएसचा मीटर टाकीपाशी नव्हे, ब्रशच्या तोंडाशी येणाऱ्या पाण्यात बुडव. माझ्याकडे आकडा 10 च्या पुढे गेला की रेझिन बदलतो. आरओचं वाया जाणारं पाणी सोसायटीच्या पार्किंगला वापरायला दे, वॉचमन खूश राहतो.

शेवटचं पाणी मारताना काच ओळखायला शीक. काही काचांवर पाणी चादरीसारखं पसरतं, तिथे केस काचेला टेकवूनच ब्रश वरून खाली आणला तरी चालतं. काहींवर पाण्याचे मणी होतात. तिथे ब्रश बोटभर उचलून, वरच्या कडेपासून, घाई न करता नुसतं पाणी सोड.

एक गोष्ट मात्र दरडावून सांगतो. कार्बनच्या पोलमधून वीज जाते, वर पाणीही सुरू असतं. पोल उभा करण्याआधी डोकं वर करून तारा बघायच्या. घराजवळून तार जात असेल तर ती बाजू सोडून द्यायची. मालक रागावला तरी.

प्रश्न : मी पणजीतल्या एका हॉटेलात हाउसकीपिंगला आहे. समुद्राकडच्या काचांवर स्क्वीजी (पाणी ओढायचं रबरी पातं) मारली की बारीक रेघा उरतात. दाबून मारली तर ती थडथड उडते. मुलं म्हणतात रबर खराब आहे, स्टोअरवाले म्हणतात मुलं खराब आहेत.

उत्तर : रेघ कुठे येते ते बघा, मग भांडण मिटवता येईल. प्रत्येक फटक्यात पात्याच्या त्याच जागी येत असेल तर रबराला चीर आहे किंवा कण चिकटलाय. बोट फिरवून बघा, चीर असली तर रबर उलटून दुसरी कड वापरा. दोन फटक्यांच्या मध्ये येत असेल तर पातं आधीच्या पट्ट्यावर दोन बोटं चढत नाहीये. तिथे दोष हाताचा.

थडथड मात्र जवळजवळ नेहमी दाबाची किंवा कोरड्या काचेची. स्क्वीजी दोन बोटांत आणि अंगठ्यात धरायला सांगा, मुठीत नको. मूठ आली की दाब येतोच. काचेशी साधारण 30 अंशांचा कोन असला की रबराची कड पाणी पुढे ढकलत सरकते. हे हत्यार हलक्या हातासाठीच घडलंय. अमेरिकेत आधी जड पोलादी स्क्वीजी असायच्या, दोन-दोन रबरांच्या, डझनभर स्क्रूंनी आवळलेल्या. इटलीहून कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला आलेल्या एत्तोरे स्टेकोने नावाच्या खिडकीवाल्यानं पितळेची हलकी, एकाच पातळ रबराची स्क्वीजी बनवली आणि 1938 मध्ये पेटंट घेतलं. आपण आज वापरतो ती तिचीच नात.

तुमच्याकडे खरा त्रास मिठाचा असणार. खारं वारं काचेवर मिठाचा थर आणि वाळूचे कण आणून बसवतं. मीठ साध्या पाण्यातच विरघळतं, म्हणून साबणाचा हात लावण्याआधी काच भरपूर पाण्यानं धुऊन घ्या. बादलीत भांड्यांच्या साबणाचे थेंब मोजून टाका. फेस बघून बरं वाटतं, पण जास्तीचा साबण पडदा होऊन काचेवर राहतो. आणि पश्चिमेच्या काचा सकाळीच उरका.

प्रश्न : ठाण्यात नवा फ्लॅट घेतला. काचांवर सिमेंटचे आणि रंगाचे थेंब आहेत. कामगार म्हणतो, ब्लेडनं दहा मिनिटांत काढतो. काढू द्यावेत का? — एक वाचक ताई

उत्तर : ताई, त्याला आधी काचेचा कोपरा दाखवा. तिथे टफन्ड (भट्टीत तापवून कणखर केलेली काच) असा शिक्का असला तर ब्लेड खिशात ठेवायला सांगा. हे मी फुकट शिकलेलो नाही. दुबईत नऊ वर्षं दोरावर लटकून काचा धुण्यात काढून पुण्यात स्वतःचं काम सुरू केलं, तेव्हा मला सगळं येतं असा माझा समज होता. एका नव्या इमारतीत अशाच थेंबांवर मी ब्लेड चालवलं. संध्याकाळची तिरपी उन्हं आत आली आणि 11 काचांवर केसासारखे ओरखडे चमकायला लागले. सगळ्या बदलून द्याव्या लागल्या. काच टफन करताना भट्टीतल्या रोलरांवरून जाते. कधीकधी काचेचाच चुरा तिच्या एका बाजूला चिकटून भाजला जातो. ब्लेड तो कण उखडतं आणि काचेवरून फरपटत नेतं. जितका दाब जास्त, तितका ओरखडा खोल.

थेंबांवर साबणाच्या पाण्यात भिजवलेलं कापड ठेवा, पंधरा-वीस मिनिटं भिजू द्या. मग प्लॅस्टिकची पट्टी किंवा ओरखडे न पाडणारा पांढरा पॅड, भरपूर पाण्यात. रंग बहुतेक निघतो. सिमेंट हट्टी असतं, दोन-तीनदा भिजवावं लागेल. पण पावसाळ्यापर्यंत ठेवू नका. ओल्या सिमेंटमधून उतरणारा क्षार काचेलाच खातो आणि तो पांढुरका डाग मग धुऊन जात नाही. बाहेरच्या बाजूसाठी खिडकीच्या कट्ट्यावर कुणालाही चढू देऊ नका, त्या कामगारालाही. पझेशनआधीच असाल तर थेंबांचे फोटो काढून बिल्डरला लेखी कळवा. साफ करून देणं त्याचं काम आहे, तुमचं नाही.