अमेरिकेत गेलेल्या मेक्सिकन कुटुंबांत तिसऱ्या पिढीपर्यंत नेमकं काय टिकतं?

भाषा आधी सुटते, स्वयंपाकघर सगळ्यात शेवटी.

आजी स्पॅनिश बोलते आणि नातू बरेचदा इंग्रजीत उत्तर देतो. दोष फक्त पोरांचा नाही. टेक्सास, कॅलिफोर्नियात विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कितीतरी शाळांत स्पॅनिश बोललं की शिक्षा व्हायची. ज्यांनी ती भोगली, त्यांतल्या अनेकांनी मुलांशी मुद्दाम इंग्रजीच धरली. आता नातवंडांना 'नो साबो' म्हणून चिडवतात. ('मला माहीत नाही' याचं चुकलेलं स्पॅनिश; बरोबर आहे 'नो से'.)

टिकतं ते हातानं करायचं काम. नाताळाच्या आधी अख्खं घर तमालेस करायला बसतं. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून दळायचा (हल्ली पुष्कळजण तयार पीठच आणतात), त्यात चरबी फेटायची, भिजवलेल्या कणसाच्या सालींवर थापून मांस-मिरचीचं सारण भरायचं नि वाफवायचं. आपल्या पातोळ्याच, हळदीच्या पानाऐवजी कणसाची साल! शेकड्यानं करायचे असल्यानं पोराटोरांनाही कामाला लावतात, आणि शिकणं तिथेच होतं.

१ आणि २ नोव्हेंबरचा 'दिया दे मुएर्तोस' (मृतांचा दिवस) मात्र वेगळा. गेलेल्या माणसांचे फोटो, त्यांच्या आवडीचं खाणं आणि झेंडू. (झेंडू मूळचा तिकडचाच बरं का.) लॉस एंजेलिसच्या चिकानो (मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन) कलाकारांनी १९७०च्या दशकात तो मिरवणुकांसह रस्त्यावर आणला, आणि काही घरांत तो आजीकडून नाही, तर तिथूनच परत आला.