बॅकअप रोज घेत होतो, पण कशाचा?

जिंतूरच्या भाऊंनी लिहिलंय की दुकानातली हार्डडिस्क गेली आणि पेनड्राइव्हवरचा टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) बॅकअप उघडला तर मागच्या दिवाळीपर्यंतचाच निघाला. वाचून पोटात गोळा आला. अंबाजोगाईकडं माझं कृषी सेवा केंद्र आहे, माझंही नेमकं हेच झालं होतं.

बॅकअप घ्या हे सांगत बसत नाही, तुम्ही घेतच होता. मीही रोज शटर ओढायच्या आधी घ्यायचो. कॉम्प्युटर संथ झाला म्हणून एका माणसानं डेटा सी ड्राइव्हवरून डी वर टाकला, जुना फोल्डर मात्र तसाच ठेवला. टॅली नव्या फोल्डरमधून उघडायचं आणि बॅकअपच्या खिडकीत सोर्स जुनाच. सात महिने मी त्या मेलेल्या डेटाची प्रत काढत होतो. स्क्रीन म्हणायची झालं, मी निवांत. फाइलची साइज एक केबीनंही वाढत नव्हती, तेवढं बघितलं असतं तरी कळलं असतं!

ऐन सोयाबीन मोंढ्यात यायला लागलं, म्हणजे उधारी वसूल व्हायच्या वेळेलाच डिस्क टकटक करायला लागली. जिथं नेली तिथं (नाव घेत नाही) चार दिवस चालू-बंद करून बघितली, वर त्याच डिस्कवर विंडोज टाकायला गेले. मग हात वर. बिलावर बारीक अक्षरात ‘डेटाची जबाबदारी नाही’. पैसे मात्र पूर्ण घेतले. म्हणून सांगतो, आवाज करणारी डिस्क परत चालू करू नका, कुणालाही करू देऊ नका. डेटा रिकव्हरीचंच काम करणाऱ्याकडं द्या. खर्च जबर आहे, मिळेलच याची हमी नाही.

मग हिशेब नव्यानं जुळवायला बसलो. खरेदी जीएसटीच्या २बी मधून (माल देणाऱ्यांनी भरलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी) जुळली. खत कुणी किती नेलं ते पॉस मशीनवरून, खत देताना शेतकऱ्याचा अंगठा घेतो ते मशीन. पण पैसे दिले की राहिले, हे पॉसला कुठं माहीत? बियाणं-औषधाची उधारी कार्बनच्या बिलबुकावरून लावली, निम्मी पानं फिकट. गावोगाव फिरलो. एका आजोबांनी कोपरीच्या खिशातून माझंच बिल काढून दिलं, घड्यांवर फाटलेलं. काहींनी सरळ कानावर हात ठेवले.

आता मी वारानुसार सात फोल्डर करतो. महिन्यातून एकदा घरच्या लॅपटॉपवर, रिकाम्या फोल्डरमध्ये रिस्टोअर करून, म्हणजे बॅकअपमधला डेटा परत भरून, आजचं शेवटचं बिल दिसतं का बघतो. चालू डेटावर रिस्टोअर केलं तर आहे तेही जाईल. टॅलीचा चालू फोल्डर गूगल ड्राइव्हला जोडू नका, टॅली बंद करून बॅकअपची फाइल तेवढी चढवा. बाहेरची डिस्क कायम लावून ठेवली तर व्हायरस तीही कुलूपबंद करतो. आणि यूपीएसची बॅटरी बघा, आपल्याकडची लाईट माहीतच आहे.

मी कॉम्प्युटरवाला नाही, हा माझ्यापुरता अनुभव. जीएसटीची वह्या-बिलं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावी लागतात, तेव्हा काय हरवलं ते सीएच्या कानावर आजच घाला.

भाऊ, दिवाळीच्या सुमाराला तुमचाही डेटा कुणी हलवला होता का? आणि कार्बनची बुकं रद्दीत गेली नाहीत ना, ते आधी बघा.