धर्मयुद्ध, धर्म्य युद्ध आणि ‘माझंच खरं’

परभणीहून एका शिक्षिकेनं विचारलंय: “१७ सप्टेंबरच्या कार्यक्रमात एका पाहुण्यांनी मराठवाडा मुक्तिसंग्रामाला ‘धर्मयुद्ध’ म्हटलं. नंतर वर्गात मुलांनी विचारलं, धर्मयुद्ध म्हणजे धर्मासाठीचं युद्ध का? आणि कुठलंही युद्ध धर्माचं असू शकतं का? हा शब्द मुलांना कसा समजावून सांगावा?”

बाई, तुमचे पाहुणे एकटे नाहीत. सप्टेंबर आला की आमच्याकडं एक तरी माईक असं बोलतोच. वर्तमानपत्रं तर बारा महिने बोलतात. क्रुसेड झालं धर्मयुद्ध, जिहाद झाला धर्मयुद्ध, आणि हल्ली निवडणुकीचा प्रचारसुद्धा धर्मयुद्ध. आपल्या भांडणाला हळदकुंकू लावायचं असलं की हा शब्द उचलायचा, अशी रीतच पडून गेलीय. हे ऐकलं की माझं डोकं सणकतं.

युद्ध, लढाई, जंग यांचे अर्थ तुमच्या मुलांना येतात, तिथं थांबत नाही. प्रश्न आहे तो ‘धर्म’ आणि ‘युद्ध’ यांच्यामधल्या गाळलेल्या विभक्तीचा. ‘धर्मासाठी युद्ध’ असा विग्रह करायला व्याकरण तुम्हाला अडवणार नाही. जुना वापर मात्र अडवतो. महाभारतात धर्मयुद्ध म्हणजे धर्मानं, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत राहून केलेलं युद्ध. भीष्मपर्वाच्या सुरुवातीलाच दोन्ही पक्ष बसून नियम ठरवतात. रथवाल्यानं रथवाल्याशी लढावं, पायदळानं पायदळाशी. पाठ फिरवलेल्यावर, शस्त्र गळालेल्यावर, दुसऱ्याशी लढण्यात गुंतलेल्यावर वार करू नये. सारथी, शस्त्रं पोचवणारे, भेरी आणि शंख वाजवणारे यांना हात लावू नये. यात देवाचं नाव नाही, पंथाचं नाही, कुणाचं म्हणणं खरं याची चर्चा नाही. सगळं ‘कसं लढायचं’ एवढ्याबद्दल. (पुढं अठरा दिवसांत यातला जवळजवळ प्रत्येक नियम कुणी ना कुणी मोडला, तो भाग वेगळा. पण मोडला तेव्हा ‘अधर्म’ असा ओरडा झाला, हे लक्षात घ्या. नियम नसता तर ओरडले कशाला असते?)

गीतेतली गोष्ट तर आणखी नाजूक आहे. पाहुणे मंडळी हमखास ज्या जागेचा दाखला देतात तिथं, दुसऱ्या अध्यायात, ‘धर्मयुद्ध’ असा समासच नाही. एकतिसाव्या श्लोकात आहे ‘धर्म्याद्धि युद्धात्’ आणि तेहेतिसाव्यात ‘धर्म्यं संग्रामं’. ‘धर्म्य’ हे विशेषण सुटं उभं आहे. समासात दोन शब्द चिकटले की चिकटले. विशेषण लावता येतं तसं काढूनही घेता येतं, आणि या विषयात ती सोय फार मोलाची आहे.

आता ‘धर्म्य’ बनतो कसा ते बघा. पाणिनीचं सूत्र आहे, ‘धर्मपथ्यर्थन्यायादनपेते’ (४.४.९२). धर्म, पथिन्, अर्थ, न्याय या चार शब्दांना ‘य’ लागतो, अर्थ होतो ‘त्यापासून न ढळलेलं’. म्हणजे धर्म्य, न्याय्य, अर्थ्य, आणि वाट न सोडलेलं ते पथ्य. तेच ते पथ्य, डॉक्टर सांगतात आणि आपण चोरून मोडतो ते. संस्कृतात पथ्य म्हणजे जे खावं ते; मराठीत ‘पथ्य पाळतो’ म्हटलं की डोळ्यांसमोर जे खायचं नाही ते येतं, लोणचं, पापड, चहा. आपण शब्दाचं तोंड निषेधाकडं फिरवलं, आणि मला ते फार आवडतं. धर्म्य युद्ध म्हणजे पथ्यावरचं युद्ध, एवढं तुमच्या सहावीच्या मुलांनाही कळेल. पथ्यानं आजार गोड होत नाही, आणि सणासुदीला कुणी हौसेनं पथ्याचं ताट मागत नाही.

इथं थांबायला हवं होतं, पण ज्या शब्दासाठी मी उत्तर लिहायला बसलो तो अजून यायचाय.

‘निघंटु’ ही वैदिक शब्दांची जुनी यादी, शब्दांची फोड सांगणारा यास्काचा ‘निरुक्त’ हा ग्रंथ तिच्यावरच उभा आहे. तिच्यात संग्रामाची सेहेचाळीस नावं दिलीत. त्यात ‘रण’ आहे. वेदात रण म्हणजे आनंदसुद्धा, आणि यावर वेगळं लिहायला हवं. ‘समिति’ही आहे, ती तुमच्या शाळेतही असेल. आणि या गर्दीत एक नाव आहे ‘ममसत्यम्’. मम सत्यम्. माझं खरं. लढाईचं नाव ‘माझंच खरं’! शब्द बनवणाऱ्या त्या अनाम माणसाला मनातल्या मनात कितीदा दंडवत घातलाय.

हा शब्द ऋग्वेदात येतो तो असा: ‘त्वां जना ममसत्येष्विन्द्र’ (१०.४२.४). समोरासमोर ठाकलेले लोक ‘माझं खरं, माझं खरं’ करत, हे इंद्रा, तुलाच हाका मारतात. दोन्हीकडचे! पुष्कळ भाषांतरकार इथं ‘लढाईत’ एवढं लिहून पुढं सरकतात, आणि मला त्यांचा राग येतो. पुढ्यात मध ठेवलाय आणि हे पाणी पिऊन उठले. अर्थ ‘लढाई’च आहे हो, पण कवीकडं लढाईला इतके शब्द असताना त्यानं हाच का उचलला, हे नको का विचारायला? बरं, ऋचेत पुढं काय आहे? इंद्र कुणाची बाजू घेतो? ज्याचं खरं त्याची? नाही. जो हवि, म्हणजे आहुती, देतो त्याला तो जोडीदार करतो, जो त्याच्यासाठी यज्ञातला सोमरस गाळत नाही त्याच्याशी मैत्री करत नाही. खऱ्याखोट्याचा निवाडा तिथं होतच नाही. ‘देव आमच्या बाजूनं आहे’ म्हणणाऱ्या जगातल्या प्रत्येक सेनापतीला ही ऋचा पाठ करायला लावावी.

काही अभ्यासक म्हणतात की इथलं ‘सत्य’ म्हणजे हक्काचा दावा, गायींवरचा किंवा जमिनीवरचा. असेल. पण त्यांना वाटतं, असं म्हटल्यानं शब्दातला नैतिक दंश निघून जातो. मराठवाड्याच्या माणसाला हे कुणी शिकवू नये. दोन शतकांच्या वर निजामी अमलात काढलेल्या मुलखाला ‘हक’ ठाऊक आहे. अरबीत हक म्हणजे सत्य, आणि हक म्हणजे अधिकारही. एकाच शब्दात दोन्ही. आपण त्यातला अधिकार ठेवून घेतला आणि ‘हक्क’ केला. सत्य मागं राहिलं. पूर्ण मागं राहिलं असंही नाही, ते ‘नाहक’मध्ये लपून बसलंय. ना-हक, म्हणजे हक नसताना, न्याय नसताना. आज नाहक म्हणजे ‘उगीच’ असं आपण धरतो, ‘नाहक त्रास दिला’ म्हणतो. पण युद्धाच्या बातमीत ‘नाहक बळी गेले’ असं छापतात तेव्हा बातमी लिहिणाऱ्याच्या नकळत एक निवाडा छापला जातो, की मारायचा हक नसताना मारलं. माझं म्हणणं असं की ‘ममसत्य’ आणि ‘हक’ या दोन वेगळ्या भाषांतल्या शब्दांत माणसाची एकच खोड पकडली गेलीय: अधिकार सांगायचा तर तो सत्य म्हणून सांगायचा. गावात बांधावरून डोकी फुटतात तेव्हाही कुणी ‘मला तुझी जमीन पाहिजे’ म्हणत नाही. दोघंही म्हणतात, “माझं खरं हाय.” शब्दांचं नातं रक्ताचं नाही हे मलाही कळतं, तेव्हा ते सांगायला कुणी पत्र लिहू नये.

तर तुमचे पाहुणे. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, म्हणून हा हैदराबादचा लढा. इथं शब्दांचीच गंमत बघा. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या. मुख्य फौज सोलापूरकडून नळदुर्गच्या वाटेनं आली, मेजर जनरल जयंतनाथ चौधरींच्या हाताखाली. रणगाडे होते, विमानं होती. १७ तारखेला निजामानं शरणागती जाहीर केली. नाव काय दिलं? पोलीस ॲक्शन. म्हातारी माणसं अजूनही ‘ॲक्शन झालं तवा’ असंच म्हणतात. हैदराबादनं सुरक्षा परिषदेकडं तक्रार नेली होती. ‘युद्ध’ म्हटलं असतं तर दोन देश आले असते, ‘पोलीस’ म्हटल्यावर घरातला मामला झाला. दिल्लीचं राजकारण म्हणून शहाणपणाचं, पण शब्द म्हणून लबाड. ज्याला युद्ध म्हणायचंच नाही त्याच्या पथ्याचा हिशोब कोण मागणार?

निजामाविरुद्ध लढणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या लोकांचा शब्द होता संग्राम. तो जास्त प्रामाणिक. सं-ग्राम. ग्राम म्हणजे आधी गाव नव्हे, बरोबर चालणारा जथा. शतपथ ब्राह्मणात शर्यात राजा आपला ‘ग्राम’ घेऊन हिंडतो. गाव घेऊन कुणी हिंडत नसतं. जथे एकमेकांना भिडले की संग्राम. वैयाकरण मात्र ‘संग्राम युद्धे’ असा अख्खाच्या अख्खा धातू धातुपाठात, म्हणजे धातूंच्या यादीत, घालून मोकळे; भूतकाळाचा ‘अ’सुद्धा ‘सम्’च्या आधी लावून ‘असंग्रामयत’, ‘सम्’ला धक्का न लावता. पुढचं विचारायचं नाही, दार बंद. रूपं बिनचूक येतात म्हणून शब्दाचं पोट कळलं असं होत नाही, हे वैयाकरणांना कधी कळणार कोण जाणे. असो.

मग तो लढा धर्म्य होता का? माझ्या मते त्याचं कारण धर्म्य होतं. भारत आणि निजाम यांच्यात २९ नोव्हेंबर १९४७ चा जैसे थे करार झाला, बोलणी लांबत गेली, आणि तोवर कासिम रझवीच्या रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांनी, खेड्यापाड्यांत लूट, जाळपोळ, खून चालवले होते. माणसं घरदार टाकून संस्थानाच्या हद्दीबाहेर पळत होती. स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांनी ऑगस्ट १९४७ मध्ये सत्याग्रह सुरू केला होता. याही शब्दात ‘सत्य’ आहे बरं का, पण ‘मम’ गळालाय, आणि मारण्याऐवजी स्वतः तुरुंगात जाणं आलंय. तरी त्याच चळवळीतल्या लोकांनी पुढं हद्दीवरच्या कॅम्पांतून बंदुकाही उचलल्या. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ उचलत नाही. कुठलंच युद्ध कधीच न्याय्य नसतं असं म्हणणाऱ्यांचा मी आदर करतो, पण त्यांच्यातल्या बहुतेकांच्या दारात रझाकार आला नव्हता.

हे झालं कारणाचं. आता पथ्याचं. ॲक्शननंतर संस्थानातल्या मुसलमानांवर जे गुदरलं त्याची पाहणी करायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिच्या अंदाजानं २७ हजार ते ४० हजार माणसं मारली गेली. सगळ्यात जास्त झळ लागलेले जिल्हे म्हणून तिनं उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड यांची नावं दिली; त्यातले दोन आपले. हा अहवाल कित्येक वर्षं लोकांसमोर आलाच नाही. मेलेल्यांत रझाकार किती होते आणि ज्यांनी जन्मात काठी उचलली नव्हती असे किती, हे विचारायला कुठल्याही व्यासपीठावर कुणी उठत नाही. हे बळी नाहक होते, शब्दाच्या मूळ अर्थानं नाहक. कारण खरं असल्यानं वाट खरी ठरत नाही, आणि वाट चुकली म्हणून कारण खोटं होत नाही. दोन्ही वेगवेगळं तोलावं लागतं. म्हणूनच मला सुटं विशेषण पाहिजे. नळदुर्गच्या लढाईला ते लावा, मी हरकत घेणार नाही. पुढच्या आठवड्यांवरून ते काढून घ्या. तुमच्या पाहुण्यांचा समास हे करू देत नाही. तो सगळ्या सप्टेंबरावर एकच शिक्का मारतो.

आमच्या भागातले एक नामांकित व्याख्याते यावर म्हणतात की कौटिल्यानं कूटयुद्ध, म्हणजे कपटाचं युद्ध, सांगितलंय, तेव्हा युद्धात कसला आलाय धर्म. अहो, कौटिल्यानं प्रकाशयुद्ध (उघड), कूटयुद्ध आणि तूष्णींयुद्ध (गुपचूप) असे तीन प्रकार वेगळे केले ते फरक कळत होता म्हणून. चोरीला वेगळं नाव असणं हा सचोटी नसल्याचा पुरावा कसा होतो, ते त्यांनी एकदा सांगावं. आणि दर वेळी गनिमी काव्याला मध्ये ओढू नये. रात्री छापा घालणं निराळं, शरण आलेल्याला कापणं निराळं. पहिल्यानं फार तर डाव मोडतो, दुसऱ्यानं पथ्य मोडतं.

हं, मुलांना काय सांगायचं ते राहिलंच. धर्मयुद्ध म्हणजे धर्माच्या नावानं नव्हे, धर्मानं, नियमानं लढलेलं युद्ध, एवढं फळ्यावर लिहा. क्रुसेडला क्रुसेड म्हणा, जिहादला जिहाद. दोन्ही शब्द मराठीत रुळलेत. आपल्या लढ्याला मुक्तिसंग्राम म्हणा. आणि पुढच्या वर्षी बॅनर छापायला टाकाल तेव्हा ‘मुक्ति’ ऱ्हस्व लिहायला सांगा. सुटा शब्द मुक्ती दीर्घ, समासात आला की ऱ्हस्व. अर्ध्या मराठवाड्यातल्या बॅनरांवर दर सप्टेंबरात ‘मुक्तीसंग्राम’ झळकतो आणि त्याच्याखालीच झेंडावंदन होतं.