हेवीवेट बॉक्सिंगचे दिवस संपले का? सोळा वर्षांच्या, ८८ किलोच्या मुलाने यात यावं का?

तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्यावर अडलो. तुम्ही लिहिलंय, "टायसननंतर हेवीवेट म्हणजे नुसती धिप्पाड माणसांची ढकलाढकली झाली आहे, तंत्राला तिथे जागाच नाही, मग माझ्या भाच्याने त्यात यावं का?" हेच वाक्य मी थोड्या वेगळ्या शब्दांत रिंगच्या कोपऱ्यात स्टुलावर बसून ऐकलेलं आहे. त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी सरळ सांगतो. हेवीवेट, म्हणजे बॉक्सिंगमधला सर्वांत जड वजनगट, संपलेला नाही. जगज्जेता लेनॉक्स लुईस निवृत्त झाल्यावर जी मरगळ आली होती, त्या मानाने आजची अवस्था कितीतरी बरी आहे. क्लिच्को बंधूंचा, व्हिताली आणि व्लादिमिरचा, काळ आठवून बघा. दोघेही उत्तम बॉक्सर, पण एकमेकांशी लढणार नाहीत म्हणून आईला शब्द दिलेला, आणि बाकी कुणाची त्यांच्यासमोर टिकायची ताकद नाही. व्लादिमिर जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, मारायचा, मिठी मारायचा, परत जॅब मारायचा. जिंकायचा, पण बघवत नव्हतं. २०१५ मध्ये ड्युसेलडॉर्फला टायसन फ्युरीने त्याला हरवलं आणि तिथून हा वजनगट पुन्हा जिवंत झाला.

आणि टायसनचा दाखला देताना जरा जपून. माइक टायसन जेमतेम पाच फूट दहा इंच, वजन शंभर किलोच्या आसपास. त्याच्या काळातसुद्धा तो समोरच्यापेक्षा बुटकाच असायचा. १९८६ मध्ये विसाव्या वर्षी तो विजेता झाला तो डोकं हलवण्यामुळे, पायांमुळे, आत शिरण्याच्या कोनामुळे. त्याचे नॉकआउट तेवढे कापून जोडलेले व्हिडिओ बघणाऱ्यांना फक्त ठोसा दिसतो. ठोशाच्या आधीचं अर्धं पाऊल कुणी बघत नाही. ज्याला धसमुसळेपणाचा पुरावा म्हणून पुढे करतात, तो खरं तर तंत्राचा पुरावा आहे.

आता माझी गोष्ट.

मी पुण्यात बॉक्सिंग शिकलो. घर पैलवानांचं. चुलते तालमीतले, त्यामुळे अंगापिंडाने मोठ्या मुलाने हातात ग्लोव्ह्ज घालणं हे आमच्याकडे वाया जाणं होतं. तरी मी गेलो, कारण मला पाय आवडायचे. डावखुरा होतो. उजवा पाय समोरच्याच्या डाव्या पायाच्या बाहेर टाकायचा, त्याचा उजवा हात लांब पडतो आणि आपला डावा सरळ आत जातो. एवढी एक गोष्ट मी आरशासमोर, गच्चीवर, बसची वाट बघतानासुद्धा करायचो.

राज्य स्पर्धेत ९१ किलोच्या गटात क्लबचा दुसरा मुलगा होता. माझं वजन ९४. मला वरच्या खुल्या गटात, सुपर हेवीत घातलं. समोर आलेला माणूस ११८ किलोचा, आधी कुस्ती केलेला. पहिल्याच मिनिटाला त्याने माझ्या मानेवर कोपरापासूनचा हात टाकला आणि सगळं अंग रेललं. ज्यांनी हे अनुभवलेलं नाही त्यांना सांगतो, ठोशाने माणूस इतका दमत नाही. मानेवर असं वजन आलं की ते थेट मांड्यांमध्ये उतरतं, आणि सुटल्यावर पहिली दोन पावलं आपली राहत नाहीत. रेफरी "ब्रेक" म्हणतो, तोवर नुकसान झालेलं असतं. मग मी ठरवलं, याच्या हाताला सापडायचंच नाही. आत, दोन ठोसे, बाहेर, उजवीकडे. दुसऱ्या फेरीत तो तोंडाने श्वास घ्यायला लागला. तिसरीत त्याचे हात कमरेला आले होते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीच्या मध्ये आमचे सर माझ्या तोंडावर पाणी मारत ओरडले, "नाचतोस काय? तमाशा आहे का हा? हेवीवेटमध्ये तंत्र चालत नसतं. उभा राहा आणि मार."

मी उभा राहिलो नाही. तीन-दोन अशा फरकाने निकाल विरुद्ध गेला. पाचातल्या दोन पंचांनी ती लढत मला दिली होती, पण सरांच्या लेखी विषय संपला होता. माझं वजन कमी पडलं, बास. पुढच्या मोसमाआधी मला वजन वाढवायला लावलं. दूध, केळी, अंडी, रात्री झोपायच्या आधी परत जेवण, आणि धावणं बंद, कारण धावलं की वजन उतरतं. काही महिन्यांत मी १०८ वर गेलो. हात जड झाले, ठोसा थोडा वाढलाही असेल. पण बाहेर सरकताना ज्या डाव्या पायावर मी सगळा जोर द्यायचो, त्या गुडघ्यातली गादी एका साध्या सरावात फाटली. समोर कुणी नव्हतं, मी एकटा बॅगवर होतो. ऑपरेशन झालं आणि बॉक्सिंग सुटलं.

सर त्यानंतरही इतर मुलांना माझं उदाहरण द्यायचे, की बघा, नाचून कुणी हेवीवेट होत नाही.

म्हणून १८ मे २०२४ च्या रात्री रियाधमध्ये जे झालं, ते मी आपल्याकडची पहाट असताना उभ्याने बघितलं. एकीकडे सहा फूट नऊ इंचांचा टायसन फ्युरी, दुसरीकडे सहा फूट तीन इंचांचा अलेक्सांद्र उसिक, वजनात सतरा-अठरा किलोंचा फरक. उसिक डावखुरा. त्याचा उजवा पाय बघा, सारखा फ्युरीच्या डाव्या पायाच्या बाहेर. मधल्या फेऱ्यांत फ्युरीने त्याला पोटात चांगलाच चोपला होता, ते नाकारत नाही. पण नवव्या फेरीत उसिकचा डावा हात लागत गेला, लागत गेला, आणि एवढा मोठा माणूस या दोरावरून त्या दोरावर भेलकांडत गेला. दोर नसते तर आडवा झाला असता. रेफरीने आठ आकडे मोजले. निकाल दोन विरुद्ध एक पंचांनी उसिकच्या बाजूने. १९९९ मध्ये लुईसने होलिफील्डला हरवल्यानंतर हेवीवेटला पहिल्यांदाच एकमेव, निर्विवाद विजेता मिळाला, आणि चारही संघटनांचे पट्टे एका कमरेला तर पहिल्यांदाच.

डिसेंबरमध्ये परत लढत झाली. फ्युरी या वेळी २८१ पौंडांचा होऊन आला, म्हणजे १२७ किलोच्या वर. उसिक १०२ च्या आसपास. पंचवीस किलोंचा फरक! तिन्ही पंचांनी ११६-११२ असा उसिक जिंकल्याचा निकाल दिला. पहिल्यापेक्षा स्पष्ट.

आता तुमच्या भाच्यासाठी यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. २०१८ मध्ये उसिक क्रूझरवेटचा, म्हणजे हेवीवेटखालच्या गटाचा, निर्विवाद विजेता होता, तिथे मर्यादा २०० पौंड, म्हणजे ९१ किलोला थोडी कमी. २०२१ मध्ये लंडनला त्याने अँथनी जोशुआला हरवलं तेव्हा तो शंभरच्या आसपास होता. जुलै २०२५ मध्ये वेम्बलीला डॅनियल डुबॉइसला पाचव्या फेरीत झोपवलं तेव्हा १०३. सात वर्षांत बारा-तेरा किलो, आणि पाय जसेच्या तसे. कुठे ते आणि कुठे मोसमाच्या आत दूध-केळ्यांवर चढवलेले चौदा किलो.

सर अजूनही म्हणतात म्हणे, की उसिक अपवाद आहे. होलिफील्डसुद्धा क्रूझरवेटमधूनच वर आला होता. १९९० मध्ये त्याने २०८ पौंडांवर २४६ पौंडांच्या बस्टर डग्लसला तिसऱ्या फेरीत झोपवलं. हाच डग्लस, ज्याने त्याच वर्षी टोकियोत टायसनला पाडलं होतं. डेव्हिड हे २००९ मध्ये सात फुटी व्हॅल्युएव्हला हरवून आला, चाळीस किलोंहून जास्त फरक असताना. तोही आधी क्रूझरवेट विजेता. मार्सियानो तर आजच्या हिशोबाने हेवीवेटच नाही, ८४-८५ किलोचा माणूस, ४९ लढती आणि ४९ विजय. किती जणांना अपवाद म्हणणार?

भविष्याचं विचारलंत. पिढी म्हातारी झाली आहे, ही खरी अडचण. उसिक १९८७ चा, फ्युरी १९८८ चा, जोशुआ १९८९ चा. फ्युरीच्या निवृत्तीच्या घोषणा तर मी मनावर घेणं सोडून दिलंय. पुढच्यांमध्ये माझी सगळी आशा मोझेस इटाउमावर आहे. जन्म स्लोव्हाकियातला, वाढला इंग्लंडमध्ये केंट परगण्यात, २००४ च्या डिसेंबरचा, आणि हाही डावखुरा. ऑगस्ट २०२५ मध्ये डिलियन व्हाइटला त्याने पहिल्याच फेरीत संपवलं. व्हाइट उताराला लागलेला होता हे मान्य, पण त्या मुलाच्या हाताचा वेग बघा, आणि पाय त्याच्याही आधी बघा. जर्मनीचा आगित कबायेल मला दुसऱ्या कारणासाठी आवडतो. तो पोटात मारतो. झांग झिलेईसारखा पहाड त्याने २०२५ मध्ये पोटात मारून मारून खाली बसवला. फॅबियो वॉर्डली हा तर नोकरी सांभाळून हौसेखातर रिंगमध्ये उतरणाऱ्यांतून वर आलेला, रीतसर अमॅच्युअर कारकीर्द नाही, आणि त्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये जोसेफ पार्करला अकराव्या फेरीत थांबवलं.

खेळाची वाट लावतात ती कागदावरची माणसं. चार संघटना, चार पट्टे. मे २०२४ मध्ये महत्प्रयासाने एकत्र आलेले पट्टे महिन्याभरात फुटले, कारण उसिकला फ्युरीशी परत लढायचं होतं आणि त्यातल्या आयबीएफ या संघटनेला त्यांचा ठरवलेला आव्हानवीर हवा होता. त्याने डुबॉइसला हरवून ते परत गोळा केले, तर नोव्हेंबर २०२५ मध्ये डब्ल्यूबीओचा पट्टा त्याने सोडला आणि वॉर्डली घरबसल्या विजेता झाला. वॉर्डलीचा यात दोष नाही. पण विजेता रिंगमध्ये ठरला पाहिजे. सौदीच्या पैशाबद्दल लोक नाकं मुरडतात, त्यातल्या काही गोष्टी मलाही पटत नाहीत, पण वर्षानुवर्षं प्रमोटर एकमेकांचं तोंड बघत नव्हते, त्यांना एका टेबलावर त्याच पैशाने बसवलं. ५८ वर्षांच्या टायसनला यूट्यूबवाल्या पोरासमोर उभं करणं हे मात्र मला सहन झालं नाही. त्याला मी बॉक्सिंग म्हणणार नाही.

अमेरिकेत चांगले हेवीवेट का होत नाहीत, याचं उत्तर आपल्याला महाराष्ट्रात शोधायला सोपं जावं. तिकडे अंगापिंडाने मोठी मुलं फुटबॉल आणि बास्केटबॉलमध्ये जातात, आपल्याकडे तालमीत. गावोगाव लाल माती आहे, वस्ताद आहेत, जत्रेतली मैदानं आहेत, वर महाराष्ट्र केसरीचा मान आहे. बॉक्सिंगमध्ये आपण दिले ते हलक्या गटातले. १९८८ च्या सोल ऑलिंपिकला मनोज पिंगळे आणि शाहूराज बिराजदार गेले होते. सुपर हेवी गटात भारताचा पहिला ऑलिंपियन म्हणजे उत्तर प्रदेशचा, सैन्यातला सतीश कुमार, तोही थेट टोकियोला. आधीच्या लढतीत चेहरा फाटून तेरा टाके पडलेले असताना तो उझबेकिस्तानच्या बखोदिर जलोलोव्हसमोर उतरला. ५-० ने हरला. पण जलोलोव्हने पुढे टोकियोत आणि पॅरिसलाही सुवर्ण घेतलं, तेव्हा कुणासमोर उभा होता ते लक्षात घ्या.

भाच्याचं. सोळाव्या वर्षी ८८ किलो हे वजन चांगलं आहे, त्याला हात लावू नका. वरिष्ठ पुरुषांच्या नव्या अमॅच्युअर रचनेत ९० किलोची मर्यादा आहे आणि त्यावर खुला गट. तो ९० मध्ये जितकी वर्षं राहील तितकी राहू द्या. शिकवणारा दोरीवरच्या उड्या आणि सावलीशी सराव याला निम्मा वेळ देत असेल तर जागा बरोबर आहे. पहिल्याच महिन्यात मोठ्या मुलांसमोर स्पारिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, उभं करून "दम बघू" म्हणत असेल तर त्याच दिवशी घरी आणा. आणि कुणी म्हणालं की "अंगाने मोठा आहे, याला फूटवर्क कशाला", तर माझं हे उत्तर त्यांना खुशाल वाचायला द्या.

दोन गोष्टी राहिल्या. उंची-वजनाचा काहीच फायदा नसतो असं मी म्हणत नाही. तंत्र सारखं असेल तर मोठा माणूस बहुतेक वेळा जिंकतो, लुईस आणि व्लादिमिर त्याची उदाहरणं आहेत. आणि या गटात डोक्याला बसणारा मार खोटा नाही. २०१३ मध्ये न्यूयॉर्कला मागोमेद अब्दुसलामोव्ह एका लढतीनंतर मेंदूत रक्तस्राव होऊन कायमचा अपंग झाला. त्याच वर्षी वरिष्ठ पुरुषांच्या अमॅच्युअर लढतींतलं हेडगार्डही काढलं. भाचा कधी बेशुद्ध पडला, किंवा स्पारिंगनंतर उलटी झाली, डोकं दुखत राहिलं, तर न्यूरोच्या डॉक्टरांकडे न्या आणि त्यांनी हो म्हणेपर्यंत ग्लोव्ह्ज कपाटात ठेवा, स्पर्धा दुसऱ्या दिवशी असली तरी.